शुक्रवारची पहिली प्लेट कच्ची का राहते?

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शॉपवर प्लास्टिकची पावडर गरम साच्यात दाबून जाड प्लेट बनवतात. इथे गुरुवार सुट्टीचा. लाइटही देखभालीसाठी बहुतेक त्याच दिवशी जाते. बुधवारी रात्री शेवटची प्लेट निघाली की प्रेस बंद, आणि शुक्रवारी सकाळी सहाला पुन्हा हीटर चालू. गुरुवार दत्तगुरूंचा, पण शुक्रवार बराच काळ आमच्या राशीला बसला होता. त्या दिवसाची पहिली प्लेट, कधीकधी दुसरीही, आठ-दहा दिवसांनी चाकणच्या गिऱ्हाइकाकडून टेम्पोत परत यायची.

माल म्हणजे यूएचएमडब्ल्यू (अतिउच्च रेणुभाराच्या) पॉलिथीनची ६० मिमी जाड हिरवी प्लेट, ६०० बाय ६०० ची. शॉपवर तिला सगळे नुसतं ‘यूएचएम’ म्हणतात. गिऱ्हाईक त्यातून कन्व्हेअरचे गाइड आणि लायनर कापतं. तक्रार दर वेळी तीच: कापायच्या राउटरचं पातं एका कोपऱ्यात गेलं की लांब साल निघण्याऐवजी पीठ पडतं. पृष्ठभाग वरून गुळगुळीत, रंग छान, वजन बरोबर. आत मात्र खडूसारखा फिकट पट्टा.

पहिले सहा महिने आम्ही पावडरवाल्याशी भांडलो. मग मुळाशी जाऊन एकेक गोष्ट तपासली. तेच इथे लिहितोय, कारण रबर आणि बेकेलाइटच्या प्रेस घेऊन थर्मोप्लास्टिककडे (तापवलं की मऊ आणि थंड झालं की घट्ट होणाऱ्या प्लास्टिककडे) वळलेली शॉप भोसरीत आणि चाकणला बरीच आहेत, आणि सगळ्यांचे घोळ थोड्याफार फरकाने हेच आहेत.

आधी प्लेट कापा, मग बोला

‘प्लेट खराब आली’ या एका वाक्यात चार वेगळे दोष लपलेले असतात आणि चौघांचे उपाय वेगळे. काही उपाय तर एकमेकांच्या उलट. त्यामुळे परत आलेली प्लेट भंगारात टाकायच्या आधी बँडसॉवर मधोमध चिरा.

पिठासारखा, बोटाने खरवडला तर कण सुटणारा भाग दिसला तर ती कच्ची प्लेट. दाणे एकमेकांत मुरलेले नाहीत. आत गुळगुळीत, चकचकीत भिंतींची पोकळी असेल, आणि तीही जाडीच्या मधोमध, तर उष्णता पुरेशी होती. थंड होताना दाब सुटला. पृष्ठभागाजवळ बारीक पुरळ आल्यासारखे फुगे असतील तर हवा कोंडली. आणि कापल्यावर सगळं नीट, पण टेबलावर ठेवली की प्लेट डुगडुगते, तर दोष थंड करण्याच्या पाण्यात.

कच्चेपणाची खात्री करायची एक सोपी युक्ती. रंधा मारून पातळ साल काढा आणि ताणा. नीट मुरलेलं यूएचएम ताणतं, पांढरं पडतं, पण तुटायला नाटकं करतं. कच्चं असेल तर दाण्यांच्या हद्दीवरून कट्कन सुटतं. बिनरंगी प्लेट असेल तर पातळ काप १५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. वितळबिंदूच्या वर यूएचएम पारदर्शक होतं. जिथे दुधाळ जाळी उरते तिथे दाण्यांमध्ये फटी आहेत.

आमची प्लेट पहिल्या प्रकारातली निघाली. दुसरी गोष्ट लक्षात आली ती अपघाताने. एका हेल्परने साच्याच्या फ्रेमच्या पुढच्या कडेला पंचाने खूण मारली होती, ती प्लेटवर उमटायची. परत आलेल्या प्लेट खूण जुळवून रचल्या तर कच्चा भाग प्रत्येक वेळी पुढचा डावा कोपरा, खालची बाजू. पावडरला डावं-उजवं कळत नाही. त्या दिवशी पावडरवाल्याला फोन करून माफी मागितली, ती जरा महागात पडली.

हा माल वाहत नाही, हे डोक्यात बसवा

एचडीपीई किंवा पीपीसारखं साधं प्लास्टिक वितळलं की वाहतं, कोपऱ्यात जातं, चुका झाकतं. यूएचएमच्या साखळ्या इतक्या लांब, रेणुभार तीस लाखांच्या वर, की वितळल्यावरही ते रबरासारखं जागेवर बसून राहतं. मेल्ट फ्लोच्या, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक किती वाहतं ते मोजायच्या, नेहमीच्या चाचणीत, २१.६ किलो वजन ठेवलं तरी, आकडा येत नाही. म्हणूनच ते इंजेक्शनवर न नेता दाबून बनवतात. प्रत्येक दाण्याला जागच्या जागी गरम व्हावं लागतं, शेजाऱ्याला चिकटावं लागतं आणि मग साखळ्या हळूहळू एकमेकांत शिरतात. वितळणं १३५ अंशांच्या आसपास होतं, पण नुसतं वितळणं म्हणजे मुरणं नव्हे. त्यासाठी गाभ्यात १८० च्या वर जाऊन थोडा वेळ थांबावं लागतं. साच्याला २०० ते २२० अंश देतात ते यासाठी.

आणि पॉलिथीन उष्णता फार हळू आत जाऊ देतं. दोन्ही बाजूंनी तापवताना गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ढोबळ हिशेब असा: अर्ध्या जाडीचा मिलिमीटरमध्ये वर्ग करा, ०.२ ने भागा, सेकंद मिळतात. २० मिमी प्लेटला १० चा वर्ग १००, भागिले ०.२, म्हणजे ५०० सेकंद, आठेक मिनिटं. ४० मिमीला २,००० सेकंद, तेहतीस मिनिटं. ६० मिमीला ४,५००, म्हणजे सव्वा तास. हा किमान वेळ. वितळायला लागणारी जादा उष्णता आणि सुरुवातीच्या सैल पावडरमधली हवा यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतो.

इथे आमची पहिली चूक सापडली. ४० मिमीच्या प्लेटला आम्ही २०० अंश गाठल्यावर ४० मिनिटं धरायचो. ६० मिमीची ऑर्डर आली तेव्हा कोणीतरी (मीच) वहीत ६० मिनिटं लिहिली. जाडी दीडपट, वेळ दीडपट, गणित सरळ. खरं तर दीडचा वर्ग सव्वादोन, म्हणजे निदान ९० मिनिटं हवी होती. आठवडाभर आम्ही काठावर पास होत होतो आणि शुक्रवारी नापास.

कंट्रोलर खोटं बोलत नाही, पण तो स्वतःपुरतंच बोलतो

शुक्रवारी नेमकं काय वेगळं होतं ते बघायला तापमान मोजणारी एक के-टाइप थर्मोकपल वायर बळी दिली. फ्रेमच्या खाचेतून आत घेतली, टोक पावडरच्या मधोमध, पुढच्या डाव्या कोपऱ्याजवळ ठेवलं, आणि दर दोन मिनिटांनी आकडा लिहिला. मंगळवारी एकदा, शुक्रवारी एकदा. वायर प्लेटमध्येच अडकते, ती प्लेट जाते. ज्यांना त्या प्लेटचा जीव तोडून मोह होतो, त्यांनी परत आलेल्या प्लेटचं वाहतूक बिल बघावं.

आलेखात १३५ च्या जवळपास एक सपाट पायरी दिसते. तिथे माल वितळत असतो, उष्णता खातो आणि तापमान पुढे सरकत नाही. ही पायरी ओलांडल्याशिवाय घड्याळाला अर्थ नाही. मंगळवारी गाभा पायरी चढून १८० च्या काठावर जायचा. शुक्रवारी वेळ संपली तेव्हा तो १५० सुद्धा गाठत नव्हता. दोन्ही दिवशी हीटर चालवणाऱ्या कंट्रोलरवर २०० चा हिरवा आकडा शांतपणे झळकत होता.

कारण कंट्रोलरचा थर्मोकपल हीटरपासून दोन बोटांवर आहे. तो हीटरचं सांगतो, साच्याचं नाही. आमचे दोन प्लॅटन (साच्याच्या वर-खाली असलेल्या, हीटर बसवलेल्या जाड लोखंडी पाट्या) आणि साचा मिळून साडेआठशे किलोच्या घरात लोखंड आहे. आठवड्यात एक प्लेट काढून दुसरी भरताना ते ६० अंशांवर असतं. पुण्यात जानेवारीतल्या शुक्रवारी सकाळी ते १५ वर असतं, क्वचित त्याच्याही खाली. २०० पर्यंत जायला शुक्रवारी नुसत्या लोखंडालाच सुमारे एक तृतीयांश जास्त उष्णता लागते, आणि प्रेसचं थंडगार बॉडी खालून ओढत राहतं ते वेगळं. म्हणूनच तक्रारी थंडीत जास्त यायच्या आणि एप्रिल-मेमध्ये जवळजवळ बंद व्हायच्या. आम्ही त्याचं श्रेय पावडरच्या ‘चांगल्या लॉट’ला देत होतो.

तापमान बघायला बंदुकीसारखं इन्फ्रारेड यंत्र वापरणाऱ्यांना एक इशारा. चकचकीत किंवा क्रोम केलेल्या साच्यावर ते बरंच कमी दाखवतं, कारण चमकदार धातू उष्णता फार कमी उत्सर्जित करतो. जिथे मोजायचंय तिथे उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि त्यावर मोजा. आम्ही आधी बिनठिपक्याचं मोजून साचा १२० वर आहे असं समजून हीटर वाढवले होते. त्या दिवशी कडा पिवळ्या पडल्या. २२० च्या पुढे हवेच्या संपर्कात पॉलिथीन सडायला लागतं. कच्च्या प्लेटला जास्त तापमान हे औषध नाही, जास्त वेळ हे आहे.

पण एकच कोपरा का?

वेळ कमी पडला तर गाभा सगळीकडे सारखा कच्चा राहायला हवा. आमचा कोपऱ्यात राहायचा. खालच्या प्लॅटनला १२ कार्ट्रिज (भोकात बसणारे, नळीसारखे) हीटर आहेत. क्लॅम्प मीटर घेऊन एकेकाची वायर धरली, तर पुढून डावीकडच्याला करंट शून्य. किती महिन्यांपासून मेला होता, देव जाणे. आठवड्यात शेजारचे हीटर त्याची उणीव भरून काढायचे. थंड सुरुवात झाली की त्याची जागा उघडी पडायची. त्याच कोपऱ्याखालचा इन्सुलेशन बोर्डही चुरला होता.

हीटर बदलला, बोर्ड बदलला. ही तपासणी आता दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी होते. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यासाठी पॅनेल असा हवा की प्रत्येक हीटरची वायर वेगळी धरता येईल. आमच्या जुन्या पॅनेलमध्ये चारचा जुडगा होता, म्हणून मेलेला हीटर सापडत नव्हता.

हीटरवरून आठवलं. पावसाळ्यात शुक्रवारी सकाळी स्विच टाकला की ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) पडत असेल, तर हीटर लगेच फेकू नका. कार्ट्रिज हीटरच्या आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर असते, ती दीड दिवसात हवेतला ओलावा पिते. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघा, आणि कमी व्होल्टेजवर हळूहळू तापवून ओलावा घालवा. ईएलसीबी बायपास करून ‘एकदा तापला की थांबतो’ म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनला चहा पाजून घरी पाठवा.

दाबाचं थोडं

आमचा दोष उष्णतेचा होता, पण तपासताना दाबाच्याही दोन गोष्टी हाती लागल्या.

एक, गेजवरचा आकडा प्लेटवरचा दाब नसतो. ६० बाय ६० सेंटीमीटर म्हणजे ३,६०० चौरस सेंटीमीटर. प्लेटला थंड होताना ७० किलो प्रति चौरस सेंटीमीटर द्यायचा असेल तर २५२ टन लागतात. आमचा रॅम, म्हणजे तेलाच्या दाबाने सरकणारा प्रेसचा दंडगोल, ४० सेंटीमीटर व्यासाचा, क्षेत्रफळ १,२५६. म्हणजे गेज २०० दाखवेल तेव्हा प्लेटवर ७०. नवा ऑपरेटर गेजवर ७० बघून खूश होता. त्या वेळी प्लेटला मिळत होते जेमतेम २५.

दुसरी जास्त छुपी. पॉलिथीन वितळलेल्या अवस्थेतून घट्ट होताना सुमारे पाचवा हिस्सा आक्रसतं. रॅमने त्याच्या मागे मागे खाली यायला हवं. आमच्याकडे थंड करायला सुरुवात झाली की व्हॉल्व्ह बंद करून ‘दाब धरून’ ठेवायची पद्धत होती. प्लेट आक्रसली की धरलेला दाब हवेत. प्रेशर स्विच लावून पंप आपोआप पुन्हा चालू होईल असं करा. आणि साच्यात जाडीसाठी लावलेले स्टॉपर बघा. साच्याचा वरून दाबणारा भाग (पंच) त्यांच्यावर टेकला की सगळे टन लोखंड खातं, प्लेटच्या वाट्याला काही येत नाही. मधोमध चकचकीत पोकळी येत असेल तर दहातल्या आठ वेळा या दोघांपैकी एक.

भरण्याच्या पद्धतीबद्दल पटकन: पावडर सैल असते, लिटरला ४३० ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे ६० मिमी प्लेटसाठी साच्यात सुमारे १३० मिमी उंच भरावी लागते. पट्टीने सपाट ओढा, हाताने थापू नका. गरम करण्याआधी पूर्ण दाबाने दाबून हवा काढा, दाब सोडा, मग कमी दाबावर तापवा, आणि थंड करताना पुन्हा पूर्ण दाब. फुग्यांची तक्रार एवढ्याने जाते.

बेकेलाइटची सवय

आमचे जुने प्रेसवाले मामा तीस वर्षं बेकेलाइट दाबत आलेले. बेकेलाइट शोधणाऱ्या बेकलंडने १९०७ मध्ये उष्णता आणि दाबाची जी पद्धत मांडली, तिच्यावर त्यांची श्रद्धा अढळ. बेकेलाइट साच्यात शिजून पक्कं होतं, गरम साच्यातूनच काढतात, साचा कधी थंड करायचा नसतो. थर्मोप्लास्टिक साच्यात पक्कं होतं ते थंड होऊन. मामांना हे मान्य होतं, हाताला मान्य नव्हतं. घाईच्या दिवशी प्लेट ९० अंशांवर बाहेर यायची आणि संध्याकाळपर्यंत पापडासारखी वळायची. आता नियम असा की गाभा ६० च्या खाली गेल्याशिवाय दाब सोडायचा नाही. गाभा बघता येत नाही, म्हणून थंड करायची वेळही जाडीच्या वर्गानेच काढतो.

वळलेली प्लेट कुठल्या बाजूने वळली ते बघा. पोट ज्या बाजूला, म्हणजे जी बाजू आत गेलेली, ती उशिरा थंड झाली. आमच्याकडे पोट वर असायचं. वरच्या प्लॅटनच्या पाण्याच्या वाटांत बोअरच्या पाण्याचा क्षार बसला होता. सायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवून तो काढला, आणि बोअरऐवजी बंद टाकीतलं पाणी फिरवायला लागलो. आणि हो, २०० अंशांच्या प्लॅटनमध्ये एकदम पाणी सोडू नका. आधी हवा, मग हवेबरोबर थोडं पाणी, मग नुसतं पाणी. नाहीतर वाफेचे धक्के पाइप उखडतात. आमचा एक जॉइंट असाच गेला. सुदैवाने समोर कोणी नव्हतं.

हे सगळं यूएचएमसाठी. टेफ्लॉनच्या पीटीएफई पावडरला यातलं बरंच लागू नाही. ती थंडच दाबतात आणि साच्याबाहेर ओव्हनमध्ये ३६० ते ३८० अंशांवर भाजतात. गाड्यांच्या कामात काचेच्या जाळीचे पीपी शीट दाबणाऱ्यांचं तर उलटं असतं: शीट बाहेर तापवलेलं, साचा कोमट. तिथे दोष ओव्हनमधून प्रेसपर्यंतच्या सेकंदांत असतो. साच्याचं तापमान वाढवून तो जात नाही.

आता शुक्रवारी काय करतो

गुरुवारी रात्री लाइट आलेली असते. शुक्रवारी पहाटे चारला टायमर रिकामा, बंद साचा ६० अंशांपर्यंत नेतो आणि तिथेच धरतो. ६० का, तर मंगळवारी जिथून सुरुवात होते तिथून शुक्रवारचीही व्हावी म्हणून. शॉपवर कोणी नसताना हीटर चालतात, म्हणून कंट्रोलरवर विसंबून न राहता वेगळा ओव्हर-टेंपरेचर कटआउट बसवला. पावडरच्या गोण्याही बुधवारी रात्रीच शटरजवळून उचलून प्रेसशेजारी आणतो.

६० मिमीला धरायचा वेळ ६० मिनिटांवरून वाढवत १०० केला. घड्याळ कंट्रोलरच्या २०० वर सुरू होत नाही. साच्याच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात भोक पाडून बसवलेल्या दुसऱ्या थर्मोकपलने १९० दाखवलं की सुरू होतं. त्या कोपऱ्याला शॉपवर आता ‘डावा’ असं नाव पडलंय. सकाळी पहिला प्रश्न असतो, डावा किती?

उत्पादन दिवसाला एका प्लेटने कमी झालं, हे खरं. शेठना ते पटायला परत आलेल्या प्लेटचा ढीग एकदा दाखवावा लागला. शुक्रवारी पहिली प्लेट आता आम्ही २० मिमीचीच लावतो. तिला गाभा असा फारसा नसतोच. ६० ची दुसऱ्या नंबरला. गेल्या थंडीत चाकणहून एक प्लेट परत आली, ती कापून बघितली. कोपरा पक्का होता. त्यांच्याच राउटरचं पातं बोथट झालेलं होतं.